एकोणसत्तर अक्षरांचं दुकान

मामा आमच्या ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी मॅडमनी त्यांना एकच सूचना दिली: मला चारचौघांत चिमणे म्हणायचं नाही. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "नाही म्हणणार चिमणे."

मॅडम त्यांची सख्खी भाची. आम्ही सगळे त्यांच्यासमोर जरा बिचकून असायचो आणि मामांनी पहिल्या पाच मिनिटांत त्यांची चिमणी करून टाकली. मी तेव्हा दारापाशी फोनवर बसायचे, अजूनही तिथेच बसते, त्यामुळे हे सगळं माझ्या कानांवरून गेलेलं आहे.

मामा मूळचे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं. मग मोठमोठ्या कापडांवर दहा मिनिटांत पाट्या छापून देणारी यंत्रं आली आणि मामा घरी बसले. त्याबद्दल त्यांना राग नव्हता. "यंत्राची रेघ माझ्यापेक्षा सरळ येते," ते म्हणायचे, "फक्त त्याला शुद्धलेखन येत नाही." राग आला तो मामींना, कारण घरी बसलेल्या मामांचा हात गप्प बसेना. त्यांनी आधी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावं घातली. मग दिव्यांच्या बटणांवर. मग चपलांच्या कप्प्यांवर. एक दिवस मामी अंघोळ करून आल्या तर त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पिवळ्या रंगात, खाली छान सावली देऊन, 'मामी' असं लिहिलेलं. मामींनी ओल्या केसांनीच भाचीला फोन लावला. "याला काहीतरी काम दे. नाहीतर उद्या हा माझ्या कपाळावर लिहील."

आमचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, चार टेबलं, आणि एक पंखा जो तीनवर ठेवला की कागद उडायचे आणि दोनवर ठेवला की घाम यायचा. काम असं, की लोकांना इंटरनेटवरची नावं लावून द्यायची. तुम्ही फोनवर एखाद्या दुकानाचं किंवा दवाखान्याचं नाव टाकता आणि त्यांचं पान उघडतं. पण यंत्राला नाव कळत नाही, त्याला आकडा लागतो. म्हणून कुठेतरी एक वही ठेवावी लागते, जिच्यात नावासमोर आकडा लिहिलेला असतो. ती वही आमची नव्हती. ती क्लाउडवरच्या एका बड्या कंपनीची. आम्ही त्या वहीत पानं घेतली होती, आणि त्या पानांवर आमच्या गिऱ्हाइकांची नावं चढवायची, बदलायची, पुसायची. त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की दाताच्या डॉक्टरांकडे जाणारा माणूस टायरच्या दुकानात पोचतो. असं दोनदा झाल्यावर मॅडमना अक्षरं बघणारा माणूस हवाच होता.

मामा चष्मा नाकाच्या टोकावर ओढून, पडद्याला जवळजवळ नाक लावून प्रत्येक नाव वाचायचे. उलटं वाचायचे. उलटं वाचलं की चूक सापडते, असा पेंटर लोकांचा नियम आहे म्हणे. दोन महिन्यांत ते त्या वहीत स्वतः नावं चढवायला शिकले. एका बोटाने, पण बिनचूक.

त्यांना दुसरी एक सवय होती. समोर आलेला मजकूर ते पूर्ण वाचायचे. बसच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा. तसंच त्यांनी एकदा त्या बड्या कंपनीचं 'कोटा आणि मर्यादा' असं लांबलचक पान वाचायला घेतलं. चार दिवस वाचत होते. अडलं की मला अर्थ विचारायचे. पानाचे नियम होते, ओळींचे होते, नावं किती लांब असावीत, एका सेकंदात वहीत कितीदा हात घालावा, याचेही होते. मामांनी एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने दोन रकाने आखले. एकावर लिहिलं, 'मागितलं तर वाढतं'. दुसऱ्यावर लिहिलं, 'देवाने मागितलं तरी वाढत नाही'. सगळे नियम त्या दोन रकान्यांत वाटले आणि पुठ्ठा कपाटाच्या दारावर चिकटवला.

आमचा प्रोग्रामर हसला. तो छत्तिशीचा, जुळ्या मुलींचा बाप, सतत घाईत असलेला माणूस. जेवायचासुद्धा उभ्याने. "मामा, हे कुणी वाचत नाही हो," तो म्हणाला.

"म्हणून तर मी वाचलं."

त्यानंतर सहाएक महिन्यांनी मॅडमनी शहराच्या दुकानदार संघाचं काम मिळवलं. काम मोठं होतं. संघाच्या एका मुख्य नावाखाली शहरातल्या प्रत्येक सभासद दुकानाला आपलं स्वतःचं नाव द्यायचं. दुकानं अकरा हजार दोनशे तीस, गल्ल्या एकशे एक्केचाळीस. संघाच्या बैठकीत पहिलं नाव कुणाचं चालू करायचं यावरून तीन तास भांडण झालं होतं, आणि शेवटी त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. एक, गल्ली चालू होईल ती अख्खी होईल, अर्धी नाही. दोन, यादीतलं एकही अक्षर त्या त्या दुकानदाराच्या लेखी परवानगीशिवाय बदलायचं नाही. मॅडमनी दोन्ही अटींवर सही केली.

मामांनी विचारलं, "चिमणे, किती दुकानं म्हणालीस?"

"अकरा हजार दोनशे तीस."

मामांनी मान वळवून कपाटाकडे पाहिलं. मग मॅडमनी पाहिलं. मग मीही पाहिलं. पहिल्या रकान्यात, वरून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: एका पानावर दहा हजार नावं.

"मागितलं तर वाढतं ना?" मॅडम म्हणाल्या.

"मागावं लागेल."

मागण्यासाठी फॉर्म होता आणि त्यात 'वाढ कशासाठी हवी' असा एक चौकोन होता. मामांनी आधी कागदावर मसुदा केला. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, आपल्या कंपनीची उत्तरोत्तर भरभराट होवो, इथून सुरुवात करून त्यांनी शहराच्या व्यापाराचा इतिहास लिहिला आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर मूळ मुद्द्यावर आले. मी त्याचं इंग्रजी करून चौकोनात भरायला बसले तर चौकोनाने पाचशे अक्षरांनंतर घ्यायचंच बंद केलं.

"मर्यादा वाढवून मागायलासुद्धा मर्यादा?" मामा खूश झाले. लगेच उठून त्यांनी ती पुठ्ठ्यावर नोंदवली.

तीन दिवसांनी उत्तर आलं. आपली विनंती मिळाली, आम्हाला आनंद आहे, कृपया वाढ कशासाठी हवी ते कळवावं. मी तेच पुन्हा पाठवलं. पुन्हा उत्तर आलं, आपली अडचण आम्ही समजू शकतो, वाढ कशासाठी हवी?

"वाचत नाहीत," मामा समाधानाने म्हणाले. "आपल्यासारखीच माणसं आहेत."

मग मी एक दिवस त्यांच्या चॅटवर एका गृहस्थाला गाठलं आणि अर्धा तास सोडलं नाही. नवव्या दिवशी दहा हजारांचे बारा हजार झाले. मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला. सगळं निस्तरलं असं आम्हाला वाटलं.

यादी मात्र येईना. आज देतो, उद्या देतो, करता करता ती उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता आली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नगरसभागृहात मोठ्या पडद्यासमोर कार्यक्रम. मामा म्हणाले, "आधी मी वाचतो." प्रोग्रामर म्हणाला, "अकरा हजार नावं वाचाल कधी? मी चढवतो. चूक असेल ती आपोआप परत येईल." आणि त्याने बटण दाबलं.

त्या बड्या कंपनीच्या वहीला एक खिडकी आहे असं समजा. एका सेकंदाला पाच जणांचं काम घेणार, जास्त नाही. हा नियम दुसऱ्या रकान्यातला. आमच्या पठ्ठ्याने खिडकीवर एकदम दोनशे जण पाठवले, प्रत्येकाच्या हातात एकेक नाव. खिडकीने पाच घेतले आणि बाकीच्यांना सांगितलं, जरा थांबा. पण त्याचा प्रोग्राम त्याच्यासारखाच होता. नाही म्हटलं की तो लगेच, त्याच क्षणी, पुन्हा विचारायचा. मग आणखी दोनशे. मग खिडकीने आमच्या नावावर पडदाच ओढला. संघाचंच नाही, आमचं कुठलंच काम होईना. दाताच्या डॉक्टरांना पत्ता बदलून हवा होता, तो बदलेना. एका शाळेचं नवं पान चढेना. माझा फोन खणखणायला लागला. मी सगळ्यांना सांगत होते, "काम चालू आहे," आणि समोर प्रोग्रामर दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता.

साडेअकराला मामा खुर्ची ओढून त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"सेकंदाला पाच लिहिलंय ना रे कपाटावर?"

"मामा, पाच म्हणजे किती हळू! तासभर लागेल."

"अडीच तास झालेत," मामा म्हणाले. "आणि त्या पाचांच्या हातात एकेकच नाव का देतोस? एका खेपेला शंभर नावांचं गाठोडं नेता येतं. पुढचीच ओळ आहे ती. गल्ली तितकी गाठोडी कर. एकशे एक्केचाळीस गाठोडी. एक पोचलं की दुसरं दे."

प्रोग्रामर उठला, कपाटापाशी गेला, पुठ्ठ्यावरची पुढची ओळ वाचली आणि परत येऊन टाइप करायला लागला. जुना प्रोग्राम थांबवल्यावर खिडकीवरचा पडदा हटला, तेव्हा आधी घुसलेली साडेआठशे नावं पुसून पान कोरं केलं. मग गाठोडी सोडली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पण त्या गाठोड्यांची एक गोम होती. शंभरांतलं एक नाव जरी चुकीचं निघालं तरी अख्खं गाठोडं परत येतं. असं होऊन बारा गल्ल्या परत आल्या. मामांनी एकेक उलटी वाचायला घेतली. एकीत कुणीतरी नावात स्वल्पविराम दिला होता, एकीत उद्गारचिन्ह. एका केशकर्तनवाल्याने नावाच्या जागी फोन नंबर आणि 'रविवारी बंद' असं लिहिलं होतं. मी फोन करकरून परवानग्या मागवल्या. तीन वाजेपर्यंत अकरा गल्ल्या चढल्या. बारावी होती मुख्य बाजाराची गल्ली, ब्याण्णव दुकानं. तिच्यातलं पहिलंच नाव मामांनी उलटं वाचायला घेतलं, मध्येच दम खाल्ला, आणि मग पेन्सिलीने अक्षरं मोजली.

"एकोणसत्तर," ते म्हणाले. "चालतात त्रेसष्ट."

ते दुकान संघाच्या अध्यक्षांचं होतं. बटणांचं. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, त्यांनी लिहून दिलं होतं: जुनेखरेआणिमूळएकमेवबटणभांडारथोरलेमालकत्यांचेचिरंजीववनातवंडे.

मॅडमनी डोळे मिटले. तेवढ्यात माझा फोन वाजला. बाजारातले औषधवाले. "मागच्या गल्लीतल्या सगळ्यांची नावं उघडतायत, आमची का नाही?"

"तुमच्या गल्लीतलं एक नाव सहा अक्षरांनी जास्त झालंय," मी म्हणाले.

"कुणाचं?"

"ते मला सांगता येणार नाही." मग गप्प राहणं उद्धट वाटलं म्हणून मी म्हणाले, "पण अध्यक्षांचं."

फोन ठेवला तर सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. मॅडम म्हणाल्या, "आता तूच जा मामांबरोबर."

आम्ही पोचलो तेव्हा बटणांच्या दुकानासमोर निम्मी गल्ली जमली होती. औषधवाले, शिवणकामाच्या दुकानवाल्या बाई, घड्याळवाले, आणखी पंधरावीस जण. दुकान अरुंद आणि खोल. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लहान लहान खण, प्रत्येक खणावर आत काय आहे ते दाखवायला एकेक बटण शिवलेलं. गल्ल्यामागे अध्यक्ष उभे, आणि आत अगदी टोकाला, दिव्याखाली, त्यांची म्हातारी आई स्टुलावर बसून मांडीवरच्या ताटात बटणं निवडत होती. चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची एकीकडे. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अहो मामा," अध्यक्ष म्हणाले, "सहा अक्षरांचा तर प्रश्न. त्या कंपनीत वर कुणाशी तरी बोला. दहा हजारांचे बारा हजार केले ना त्यांनी?"

"ते मागून वाढणारं होतं. हे वाढत नाही."

"माझी मोठमोठ्या लोकांशी ओळख आहे."

"ही मर्यादा त्या कंपनीचीसुद्धा नाही," मामा म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वी या सगळ्या कारभाराला सुरुवात झाली तेव्हाच ठरलेली आहे. ती कंपनी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. दोन टिंबांच्या मधलं नाव त्रेसष्टच्या आत. जगात कुणालाही."

जगात कुणालाही म्हटल्यावर अध्यक्ष किंचित नरमले. मामांनी कागद गल्ल्यावर पसरला, नाव पुन्हा सुटं सुटं लिहिलं आणि प्रत्येक शब्दाखाली त्याची अक्षरं मांडली.

"हे बघा. 'त्यांचे' काढलं की सात गेली. बासष्ट. काम झालं."

"'त्यांचे' काढायचं?" अध्यक्ष गल्लीकडे बघत म्हणाले. "मग चिरंजीव कुणाचे?"

मागे कुणीतरी खोकलं.

"बरं, 'एकमेव' काढा," औषधवाले म्हणाले.

"काढतो एक वेळ," अध्यक्ष म्हणाले.

"पण त्याची पाचच," मामा म्हणाले. "चौसष्ट उरली. अजून एक जायला हवं."

"मग राहू दे 'एकमेव'. उगीच कशाला!"

"'आणि मूळ' काढा," घड्याळवाले म्हणाले. "बरोब्बर सहा."

"मूळ काढा? अहो, मूळच काढल्यावर राहिलं काय?"

शिवणकामवाल्या बाई पुढे आल्या. "'व नातवंडे' काढा ना दादा. एकदम दहा जातात."

"वहिनी, नातवंडं म्हणजे मी!" अध्यक्षांचा आवाज चढला. "थोरले मालक आजोबा, चिरंजीव बाबा, आणि नातवंडांत मी. माझ्याच दुकानाच्या नावातून मीच जाऊ?"

औषधवाले म्हणाले की आमच्या ब्याण्णव दुकानांचा खोळंबा तुमच्या घराण्यासाठी किती वेळ होणार. अध्यक्ष म्हणाले, घराण्यावर जायचं काम नाही. औषधवाले म्हणाले, मी कुठे गेलो, तुम्हीच घराणं घेऊन आलात. घड्याळवाले चार वेगवेगळी घड्याळं दाखवून किती उशीर झालाय ते सांगायला लागले. सगळे एकदम बोलत होते. मामा मात्र पेन्सिल धरून शांत उभे होते. पाटीवर मावत नाही हे भांडण त्यांनी आयुष्यभर ऐकलं असणार. मग ते गल्ल्याला वळसा घालून थेट आत गेले आणि म्हातारीसमोर वाकले.

"आजी, दुकान सुरू कुणी केलं?"

म्हातारीने ताटातलं बटण दिव्याला लावून पाहिलं. "सासूबाईंनी," ती म्हणाली.

दारातली गर्दी दोन पावलं आत सरकली.

"आई," अध्यक्ष म्हणाले, "आजोबांनी."

"तुझे आजोबा दुकानात यायचे ते दुपारी झोपायला. तो मागचा बाक आहे ना, तो त्यांच्यासाठीच केलेला. सासूबाई लोकांकडून फाटके कोट आणायच्या, बटणं कापायच्या, उकळून धुवायच्या, आणि एका डब्यात घालून कोपऱ्यावर बसायच्या. त्या डब्यातून हे सगळं झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. लोक म्हणायचे बटणवालीकडे जाऊन येतो. पुढे मी बसायला लागले, तर मलाही बटणवाली." तिने हातातलं बटण दोन भोकांच्या ढिगात टाकलं. "आजही पत्ता विचारणारे तेच म्हणतात. थोरले मालक म्हणून विचारत आलेला माणूस मी तरी पाहिला नाही."

शिवणकामवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "खरं आहे. मी धाग्याची बिलं बटणवाली म्हणूनच लावते."

घड्याळवाल्यांनी फोन काढून दाखवला. त्यांच्याकडेही अध्यक्षांचा नंबर 'बटणवाली दुकान' असाच होता. औषधवाल्यांनी आपला फोन घाईघाईने खिशात घातला. त्यात काय नाव होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

अध्यक्ष गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता ते ओरडणार. पण ते आईकडे वळले. "हे तू कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"कुणी विचारलं?" म्हातारी म्हणाली. "आता या पाहुण्यांनी विचारलं."

मामांनी कागदाच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत 'बटणवाली' लिहिलं आणि त्याखाली अक्षरं मोजली. नऊ. कागद अध्यक्षांसमोर सरकवला. परवानगीची जागा खाली सोडलेली होती. अध्यक्षांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं आणि मामांना जवळ बोलावलं. आवाज खाली आणून, पण मला ऐकू येईल इतकाच खाली, ते म्हणाले, "मामा, त्रेसष्टांतली नऊच वापरली. उरलेली चोपन्न पुढच्या वर्षी कुठे घेता येतील का?"

"नाही हो," मामा म्हणाले. "ती साठत नाहीत."

"दुसऱ्या कुणाला देता?"

"तेही नाही."

अध्यक्षांनी सुस्कारा टाकला आणि सही केली. सही मात्र तीन ओळींची होती. मी तिथूनच ऑफिसला फोन केला. प्रोग्रामरने गाठोडं सोडलं आणि औषधवाल्यांच्या फोनवर त्यांचं पान उघडलं. मग घड्याळवाल्यांचं. मग सगळे आपापली नावं एकमेकांना दाखवायला लागले, जणू आज पहिल्यांदाच वाचतायत. शिवणकामवाल्या बाईंनी म्हातारीपुढे फोन धरला. तिने बघितलं, म्हणाली, "फार बारीक लिहिलंय," आणि ताटाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, एवढंच त्याच्याबद्दल वेळेवरचं सांगता येईल. अध्यक्षांनी पडद्यावर बटणवालीचं पान उघडलं, टाळ्या झाल्या, आणि मग त्यांनी पन्नास मिनिटं भाषण केलं. छोटं नाव ही काळाची गरज आहे, हे आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं आहे, आणि आपल्या आजीचं कर्तृत्व जगापुढे आणण्यासाठीच आपण ही सगळी योजना आखली, असं त्यांनी सांगितलं. मॅडम पहिल्या रांगेत हसरा चेहरा करून बसल्या होत्या. मामा मागच्या रांगेत मामींना घेऊन बसले होते आणि दाराजवळच्या सूचनांचा फलक वाचत होते. आग लागल्यास काय करावं, ते सगळं.

भाषणानंतर अध्यक्षांची आई व्यासपीठावर गेली. तिला फुलं दिली, दोन शब्द बोलायला सांगितलं. ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली, पहिल्या रांगेतल्या एका साहेबांकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्या कोटाचं मधलं बटण लटकतंय," आणि खाली उतरली. सगळ्यात जास्त टाळ्या तिला पडल्या.

त्या कामानंतर आजूबाजूच्या शहरांतून दोन संघ आमच्याकडे आले. मॅडमनी मामांचा पगार वाढवला आणि त्यांना त्यांच्या उंचीची खुर्ची घेऊन दिली. प्रोग्रामर आता बटण दाबण्याआधी कपाटापर्यंत जाऊन येतो. घाई गेलेली नाही, पण जेवायला बसतो. चिमणे हे नाव मात्र आता गिऱ्हाइकांनाही पाठ झालंय. परवा एका दवाखान्यातून फोन आला, "चिमणीमॅडम आहेत का?" मी गंभीरपणे सांगितलं, "देते."

गेल्या महिन्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठ दिवस पडद्याकडे बघायची बंदी केली. तिसऱ्या दिवशी मामींचा फोन आला की हा औषधांच्या बाटल्या चाचपून त्यावर काय लिहिलंय ते मला विचारतोय, याला घेऊन जा. मग मामा काळा चष्मा लावून ऑफिसात यायला लागले. मी पडद्यावरून अक्षरं मोठ्याने वाचायची, उलटी, एकेक करून, आणि ते हाताची घडी घालून, मान वर करून ऐकायचे. मध्येच हात उचलायचे. "थांब. ते परत म्हण." आणि खरंच तिथे चूक असायची. खालच्या चष्म्याच्या दुकानातला माणूस दुसऱ्याच दिवशी वर आला. सकाळपासून वरून कुणीतरी अनोळखी भाषेत ओरडतंय, सगळं ठीक आहे ना, असं विचारायला.